बदललेल्या गुडघ्यात पू: धुवून भागेल, सिमेंटचा स्पेसर, की कोटिंगवाला सांधा?

नौपाड्याची लेक (१४ जुलै, रात्री ११:१०)

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

आई ७१ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. पहिली अडीच वर्षं झकास गेली. पाचपाखाडीहून चालत मासुंदा तलाव, तिथे एक चक्कर, येताना भाजी. यंदा फेब्रुवारीपासून गुडघा रात्रीचा ठणकायला लागला. हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी (माणूस चांगला आहे, नाव विचारू नका) अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला. बरं वाटलं. एप्रिलमध्ये पुन्हा तेच, पुन्हा कोर्स. मेअखेरीस टाक्यांच्या खुणेच्या खालच्या टोकाला मुगाएवढी पुळी आली आणि फुटली. तेव्हापासून तिथून पाणी येतं. रोज एक गॉज भिजतो. भरली भरली म्हणेपर्यंत चार दिवसांनी पुन्हा तोंड उघडते. तिसरा कोर्स परवा संपला.

दोन सर्जनांना दाखवलं. पहिले म्हणाले, उघडून धुवून काढू, मधलं प्लास्टिक तेवढं बदलू, सांधा राहू दे. दुसरे म्हणाले, सगळं काढावं लागेल, दोनेक महिने आत औषध घातलेल्या सिमेंटचा तुकडा ठेवू आणि मग नवा सांधा बसवू. म्हणजे दोन ऑपरेशनं. तेवढ्यात चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर पाठवलं की आता अँटिबायोटिकचं कोटिंग दिलेले सांधे निघालेत, एका फटक्यात काम होतं. आईने तेच धरून ठेवलंय. "एकदाच काय ते कापा," म्हणते.

कुणी यातून गेलंय का? ठाणे, नवी मुंबई, कुठेही.

टवाळ (१४ जुलै, रात्री ११:२६)

सिमेंट ४३ ग्रेडचं की ५३?

(सॉरी ताई. आईंना लवकर बरं वाटू दे.)

नौपाड्याची लेक (१४ जुलै, रात्री ११:३१)

बाबांनीही हेच विचारलं होतं. त्या सर्जनना. तोंडावर.

वडाच्या सालीवाली (१५ जुलै, सकाळी ७:०२)

पुळीवर हळद आणि वडाच्या सालीचा लेप लावून बघा. माझ्या जावेच्या पायाची जुनी जखम पंधरा दिवसांत भरली. ऑपरेशन काय, कधीही करता येतं.

हाडवैद्य (१५ जुलै, दुपारी ३:४५)

आयडी गमतीत घेतला होता, पण धंदा तोच आहे. वाशीत अस्थिशल्यचिकित्सक आहे आणि बिघडलेले बदललेले सांधे हा माझा रोजचा विषय. इथे बसून तुमच्या आईंवर उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी मांडतो म्हणजे पुढच्या भेटीत काय विचारायचं ते कळेल.

आधी लेप. कृपा करून काहीही लावू नका. ती पुळी नव्हे. आतल्या पुवाने बाहेर यायला पाडलेली ती वाट आहे, जुनी माणसं ज्याला नासूर म्हणतात. वरून तोंड बुजवलं तर पू आतच तुंबेल. आणि बदललेल्या सांध्याशी जोडलेला नासूर दिसला की जंतुसंसर्ग आहे की नाही हा वादच संपतो. इतर बहुतेक तपासण्यांत गुणांची बेरीज करावी लागते. हा एकटा पुरेसा आहे.

"धुवून काढू, सांधा ठेवू" ही पद्धत खोटी नाही. ऑपरेशननंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत पू झाला, किंवा वर्षानुवर्षं उत्तम चाललेला सांधा अचानक दोन-तीन आठवड्यांत सुजला, तर ती वापरतात आणि चांगली चालते. तुमच्याकडे फेब्रुवारी ते जुलै इतका काळ गेला आहे, वर नासूर. एवढ्या वेळात जंतूंनी धातूवर स्वतःचा चिकट थर बांधलेला असतो. बायोफिल्म म्हणतात त्याला. न घासलेल्या दातांवर जो बुळबुळीत थर येतो, त्याचा भाऊ. या थरातले जंतू निवांत असतात, फारसे वाढत नाहीत, आणि बरीचशी अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूंवरच नेम धरतात. म्हणून गोळी घेतली की बरं वाटतं. बाहेर भटकणारे जंतू मरतात, ताप-ठणका उतरतो, आतली वसाहत जागच्या जागी. धातू काढल्याशिवाय ती निघत नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. पाण्याची तपासणी झाली का? तुमच्या लिहिण्यात ती कुठेच नाही. गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं का, त्यात कुठला जंतू वाढला, तो कुठल्या औषधाला दबतो? सिमेंटमध्ये काय घालायचं, कोटिंग कशाचं हवं, शिरेतून काय द्यायचं, सगळं या एका उत्तरावर उभं आहे. जंतूचं नाव माहीत नसताना कोटिंगची चर्चा म्हणजे नवरी ठरायच्या आधी तिच्या मापाच्या बांगड्या भरणं.

आणि पुळीतून येणाऱ्या पाण्याचा नमुना नको. त्यात कातडीवरचे उपरे जंतू येतात. सांध्यातून, सुईने, चांगल्या कातडीतून.

नौपाड्याची लेक (१५ जुलै, संध्याकाळी ६:२०)

डॉक्टर, नाही झाली. रक्तातला सीआरपी (सूज-संसर्ग असला की वाढतो तो) झाला (८६), एक्स-रे झाला. पाणी कुणीच काढलं नाही. उद्याच करून घेऊ?

हाडवैद्य (१५ जुलै, रात्री ९:१०)

उद्या नको. तिसरा कोर्स परवा संपला म्हणालात. औषधाचा अंमल असताना काढलेल्या पाण्यात जंतू असूनही वाढत नाहीत आणि रिपोर्ट येतो "नो ग्रोथ". मग सगळे अंधारात. शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यायची पद्धत आहे. मात्र या काळात थंडी वाजून ताप, ग्लानी, लघवी कमी असं काही झालं तर वाट बघायची नाही, थेट भरती.

प्रयोगशाळेला सांगा, कल्चर (पाण्यातले जंतू वाढवून बघणं) १४ दिवस ठेवा. नेहमीच्या दोन-तीन दिवसांत हळू वाढणारे जंतू निसटतात. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायला सांगा. आपल्याकडे टीबी आणि बुरशीचीही तपासणी सोबत पाठवावी, बदललेल्या सांध्यात टीबी मी स्वतः पाहिला आहे.

मीनलमावशी (१६ जुलै, सकाळी १०:३३)

लेकी, मी यातून गेलेय. नेरुळला राहते, वय ६८. डावा गुडघा. दोन्ही टप्पे झाले, आता दीड वर्ष झालं.

डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं, मी घरातलं सांगते. तुझ्या आईला कुणीच सांगणार नाही ते हे की मधले दोन महिने मनाची परीक्षा बघतात. स्पेसर म्हणजे गुडघ्याच्या जागी सिमेंटचं ओबडधोबड काहीतरी. माझा थोडा वाकणारा होता, शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा न वाकणारा, पाय काठीसारखा सरळ. वाकणारा म्हटलं तरी खुर्चीत बसण्यापुरता. वॉकर घेऊन संडासापर्यंत जायचं, पायावर भार अर्धाच. हलताना आत करकर जाणवायची, माझ्या अंगावर काटा यायचा. सिमेंटच आहे, घासणारच, म्हणाले.

दोन कामं आधीच करून ठेव. एक, कमोडची खुर्ची, हातवाली, उंची कमी-जास्त होणारी. दोन, पायाखाली येणारी पायपुसणी आणि गालिचे गोळा करून माळ्यावर. मी पायपुसण्यात वॉकर अडकवून पडता पडता वाचले.

आणि चिडचीड होईल. आईची आणि तुझीही. मी नवऱ्यावर पोहे फार कोरडे झाले म्हणून ताटली सरकवली होती. त्या पोह्यांचं काही चुकलं नव्हतं.

रबाळे रिटायर्ड (१६ जुलै, दुपारी १:१५)

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं पॉलिमरमध्ये घालवली, त्यामुळे "सिमेंट" शब्दाला माझी हरकत आहे. चुना-मातीशी त्याचा संबंध नाही. ते पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे अॅक्रिलिक. दुकानाच्या पाट्या आणि कवळ्या ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातलं. कवळीचा उल्लेख उगाच नाही. मँचेस्टरला दंतसाहित्याचे रसायनतज्ज्ञ डेनिस स्मिथ होते, त्यांच्याकडून जॉन चार्नली या सर्जनना हे साहित्य समजलं आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी खुब्याचा सांधा त्याने बसवायला सुरुवात केली.

पाकिटात ४० ग्रॅम पांढरी पूड असते आणि वेगळ्या कुपीत साधारण २० मिलि द्रव. द्रवाला तिखट गोडसर वास, नेलपॉलिशच्या दुकानात येतो त्या जातीचा. दोन्ही एकत्र केले की आधी पातळ, मग कणकेसारखं, आणि आठ-दहा मिनिटांत दगड. घट्ट होताना एवढं तापतं की गोळा हातात धरवत नाही. म्हणून यात कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. उष्णता सोसणारं हवं, पूड स्वरूपात हवं, पाण्यात विरघळणारं हवं. जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन ही त्यातली मुख्य. हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन घालून पाहिलं ते १९७०च्या सुमाराला.

आता गंमत. औषध सिमेंटमधून सगळं बाहेर येतच नाही. शरीरातलं पाणी जिथवर शिरतं तेवढ्या पृष्ठभागातून आणि छिद्रांतून झिरपतं, बाकीचं आत कायमचं कोंडून राहतं. पहिले काही दिवस भरपूर, मग धार बारीक होत जाते. कारखान्यात आम्ही छिद्रं नकोत म्हणून निर्वात मिश्रण करायचो. इथे उलटं! हाताने ढवळलेल्या स्पेसरला छिद्रं जास्त, म्हणून औषधही जास्त झिरपतं. मजबुती घटते, पण तो दोन महिन्यांचाच पाहुणा.

टवाळ (१६ जुलै, दुपारी १:४०)

काका, म्हणजे माझी कवळी आणि ताईंच्या आईंचा गुडघा भाऊबंद निघाले. भाऊबीजेला बोलवा.

कळव्याचा पप्या (१६ जुलै, रात्री १०:०५)

गुडघा नाही, पण कोटिंगवरून आठवलं. भावाचा घोडबंदर रोडला बाइकवर अपघात, नडगीत रॉड टाकला, तीन महिन्यांनी पू. तिकडच्या सर्जननी जुना रॉड काढून त्या जागी सिमेंट लावलेला रॉड घातला. ते कोटिंग कंपनीतून आलेलं नव्हतं, थिएटरातच बनवलं. छातीत पाणी झालं की घालतात ती प्लास्टिकची नळी, तिच्यात औषध कालवलेलं सिमेंट भरायचं, मधोमध तार सरकवायची, सिमेंट तापून घट्ट झालं की नळी ब्लेडने उभी चिरून सोलायची. आत पांढरी कांडी तयार. सर्जननी मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मला आइस्क्रीमची कांडीच वाटली. दीड महिन्याने ती काढली, पू बंद झाला होता, मग नवा रॉड. आज भाऊ पुन्हा बाइक चालवतो, आई पुन्हा शिव्या घालते.

हाडवैद्य (१७ जुलै, रात्री ११:५०)

पप्या, वर्णन अगदी बरोबर. ओटीत नळी सोलताना तुकडे उडतात तेवढं लिहायचं राहिलं.

आता कोटिंगवाल्या सांध्याचं, कारण मूळ प्रश्न तोच होता.

सांधा आत गेला की त्याच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते. एका बाजूला शरीराच्या पेशी, दुसऱ्या बाजूला जंतू. १९८७ साली ग्रिस्टिना यांनी ही कल्पना मांडली. ठाणेकरांना सोपं करून सांगतो. ठाण्याहून सुटणारी रिकामी लोकल फलाटाला लागते, खिडकी कुणाला? शरीराच्या पेशी आधी बसल्या तर जंतूंना उभं राहायलाही जागा नाही. जंतूंनी आधी रुमाल टाकला की कर्जतपर्यंत उठत नाहीत. कोटिंग म्हणजे तुमच्या माणसाने आधीच टाकलेला रुमाल. धातूच्या पृष्ठभागावर पहिले काही तास-दिवस जंतूला बसू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

म्हणजे कोटिंग हा बंदोबस्त आहे. आधीच बसलेल्यांना उठवायचं काम त्याचं नाही. आईंच्या गुडघ्यात जंतू हाडात, आजूबाजूच्या मांसात, जुन्या सिमेंटखाली आहेत. ते खरवडून काढल्याशिवाय सोन्याचा सांधा बसवला तरी तोही बाटणार.

प्रकार बरेच आहेत. हाडाच्या कर्करोगात बसवतात त्या मोठ्या सांध्यांवर युरोपात चांदीचा मुलामा देतात. जपानात कानाझावाला टायटॅनियमवर आयोडीनचा थर देण्याची पद्धत काढली. नडगीचा जेंटामायसिनचा थर दिलेला रॉड आहे. विरघळणारी एक जेलही आहे, तिच्यात ऐनवेळी औषध कालवून सांध्याला लोण्यासारखी फासायची. प्रत्येकात काही ना काही चांगलं दिसलं आहे. पण नेहमीच्या गुडघ्यासाठी "हा घातला की दुसरं ऑपरेशन नको" असं म्हणण्याइतका पुरावा माझ्या मते नाही. मी आज माझ्या आईसाठी कोटिंगच्या जाहिरातीवर निर्णय घेणार नाही.

एका टप्प्यातलं ऑपरेशन मात्र खरंच आहे आणि ते कोटिंगवर अवलंबून नाही. हॅम्बुर्गमध्ये ते कित्येक दशकं करतात. जुनं काढा, कडक सफाई, सगळी अवजारं-कपडे बदलून पुन्हा नव्याने सुरुवात, त्याच बैठकीत नवा सांधा. अट अशी की जंतू आधी माहीत हवा, तो औषधाला दबणारा हवा, हाड-कातडी धड हवी. पुन्हा तिथेच आलो, बघा. जंतूचं नाव.

टवाळ (१८ जुलै, सकाळी ८:१५)

बारशाला बाळाला चांदीची वाटी देतात, म्हातारपणी गुडघ्याला.

हाडवैद्य (१८ जुलै, दुपारी २:३०)

हसलो. पण लोक "वाटी बदलली" म्हणतात ना, बहुतेकदा वाटी आपली स्वतःचीच राहते. बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं.

हिशोबनीस (१९ जुलै, सकाळी ११:००)

कोरडा विषय, पण लागणार. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. तेव्हा सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा ५४,७२० रुपये आणि रिव्हिजनचा, म्हणजे पुन्हा बदलताना लागणारा, १,१३,९५० रुपये ठरला होता, जीएसटी वेगळा. पुढे थोडे बदल झालेत, पण बिलात सांध्याची ओळ वेगळी मागायचा तुमचा हक्क आहे. सिमेंटची पाकिटं, औषधं, ओटी, खोली हे त्याबाहेर.

मेडिक्लेमला दोन भरती म्हणजे दोन क्लेम. मधल्या काळात घरी शिरेतून औषध चालू असेल तर ते "भरतीनंतरचा खर्च" यात बसतं का आणि किती दिवस, ते आधी लेखी विचारा. सिस्टर घरी येते तिची पावती घ्या, विसरू नका. आमच्याकडे विसरलो, गेले.

नौपाड्याची लेक (३ ऑगस्ट, रात्री १०:४०)

अपडेट. २८ जुलैला पाणी काढलं. दुसऱ्या सर्जनकडे, म्हणजे दोन टप्पे म्हणणाऱ्यांकडेच. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, "कोर्स संपून किती दिवस झाले?" तिथेच माझा निर्णय झाला.

मी खोलीत होते. जाड सुई, वीस मिलिची सिरिंज. मला वाटलं होतं पिवळं पाणी येईल. आलं ते पिठल्याच्या रंगाचं, गढूळ. आईने मान भिंतीकडे वळवली होती, मी मात्र बघत राहिले. पेशी १८,४००, त्यातल्या ९१ टक्के पू करणाऱ्या. डॉक्टर म्हणाले, जुन्या संसर्गात ३,०००च्या वर गेलं की शंका उरत नाही.

पाचव्या दिवशी जंतू वाढला. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो म्हणे. पण हा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, व्हँकोमायसिनला दबणारा. फेब्रुवारीपासून आईने गिळलेल्या तिन्ही कोर्सचा त्याच्यावर काडीचा परिणाम होणार नव्हता. यादी समोर ठेवून दाखवलं, तिन्हीपुढे "आर", म्हणजे रेझिस्टंट.

नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहिल्याच वेळी सुई मारायला पाठवायला हवं होतं." भांडायला गेले होते, चहा घेऊन आले.

जंतू हट्टी आणि नासूर आहे म्हणून एका टप्प्याचं नको, असं सर्जन म्हणाले. आईला मी लोकल-रुमालाची गोष्ट सांगितली. "मग आधी डबा रिकामा करा," म्हणाली. ८ तारखेला ऑपरेशन.

मीनलमावशी (३ ऑगस्ट, रात्री ११:०५)

शाब्बास आईची. कमोडची खुर्ची घेऊ नकोस, माझी आहे. धुवून, उन्हात वाळवून ठेवलीय. पत्ता व्यनित टाक, मुलगा रविवारी ठाण्याला येतोय.

नौपाड्याची लेक (१९ ऑगस्ट, दुपारी ४:००)

पहिला टप्पा झाला. साडेतीन तास. सांधा काढल्यावर मांडीकडच्या भागाखालचं सिमेंट बोटाने सुटून आलं, एवढं सैल झालं होतं. पाच ठिकाणचे तुकडे कल्चरला, सगळीकडे तोच जंतू. स्पेसर वाकणारा. तीन पाकिटं सिमेंट, प्रत्येकात व्हँकोमायसिन ३ ग्रॅम, शिवाय जेंटामायसिन. रबाळेकाका, ओटीबाहेर सर्जन भेटले तेव्हा त्यांच्या कपड्यांना तो तुमचा नेलपॉलिशचा वास होता!

एक धक्का. सातव्या दिवशी क्रिएटिनिन ०.९ वरून १.४. शिरेतून व्हँकोमायसिन, सिमेंटमधूनही तेच, दोन्हींचा भार मूत्रपिंडावर. डोस कमी केला, दिवसाआड रक्त. आज १.१. सांगायचं कारण, सिस्टर रक्त घ्यायला आली की आपण "कशाला सारखं सारखं" म्हणतो. तसं म्हणू नका.

आणि व्हँकोमायसिन घाईने सोडलं की अंग लाल होऊन खाजतं. एका रात्री झालं. सलाइनची गती कमी केल्यावर गेलं.

कोलशेतची सून (२० ऑगस्ट, सकाळी ९:२०)

सहा आठवडे शिरेतूनच घ्यावं लागतं का? सासऱ्यांच्या खुब्याचं असंच चाललंय, त्यांच्या शिरा सापडतच नाहीत.

हाडवैद्य (२० ऑगस्ट, रात्री १०:१५)

सहा आठवडे शिरेतून, ही १९८३च्या इन्सॉल यांच्या गुडघ्याच्या कामापासून चालत आलेली रीत. २०१९ मध्ये ब्रिटनमधली एक मोठी चाचणी आली, हाडा-सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण. निम्म्यांना शिरेतून, निम्म्यांना सुरुवातीच्या दिवसांनंतर गोळ्या. वर्षाअखेरी उपचार फसण्याचं प्रमाण शिरेतून १४.६ टक्के, गोळ्यांनी १३.२ टक्के. म्हणजे योग्य गोळी असेल तर गोळीही चालते. मात्र त्या जंतूला दबवणारी, हाडात पोचणारी गोळी हवी. तुमच्या सर्जनना आणि जमलं तर संसर्गतज्ज्ञांना विचारा. शिरा सापडतच नसतील तर दंडातून लांब नळी घालता येते.

सोबत रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं तर लघवी केशरी होते, घाबरू नका. पण ते रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं, त्यामुळे सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. पिशवीच. नावं आठवून सांगू नका.

नौपाड्याची लेक (११ सप्टेंबर, रात्री ९:५५)

मावशी, तुमचे कोरडे पोहे आमच्याकडे आमटी होऊन आले. मीठ जास्त झालं म्हणून आईने वाटी पालथी घातली, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, नंतर दोघी हसलो.

गौरी-गणपतीला ती खुर्चीत, पाय स्टुलावर. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मोदकाच्या पाऱ्या दुसऱ्या कुणीतरी केल्या. तिने सगळ्यांच्या कळ्या मोजल्या आणि नावं ठेवली.

पुळीची जागा पूर्ण भरली. महिनाभर गॉज कोरडा.

नौपाड्याची लेक (२८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०)

दुसरा टप्पा २१ला झाला. त्याआधी सहा आठवड्यांचं औषध पुरं, मग पूर्ण बंद, दोन आठवडे काहीच नाही. आमच्यासाठी तेच सर्वात अवघड गेलं. रोज रात्री मी तिच्या गुडघ्याला हात लावून बघायचे, गरम लागतो का. मग सीआरपी ६.

स्पेसर काढला, पुन्हा पाच तुकडे तपासणीला, मग नवा सांधा. या वेळचा लांब दांड्याचा, कारण हाड बरंच गेलंय. कोटिंगबिटिंग काही नाही, पण बसवलेल्या सिमेंटमध्ये कमी मात्रेत औषध आहेच. तुकड्यांत १४ दिवस काही वाढलं नाही तर गंगेत घोडं न्हालं. आज सातवा दिवस.

काढलेला स्पेसर आईने बघायला मागितला. पांढरट, एका बाजूला घासून गुळगुळीत झालेला. "एवढासा?" म्हणाली.

नौपाड्याची लेक (५ नोव्हेंबर, सकाळी ११:१२)

काही वाढलं नाही.

टवाळ (५ नोव्हेंबर, सकाळी ११:१४)

पेढे!!

हाडवैद्य (५ नोव्हेंबर, रात्री ११:३०)

उत्तम. आता दोन वर्षं तरी नजर ठेवायची. साखर असेल तर ताब्यात. पावसाळ्यात बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, लघवीचा जंतुसंसर्ग, दुखरा दात, कशाचीही हयगय नको, कारण रक्तातून जंतू तिथे पोचू शकतो. आणि गुडघा पुन्हा गरम वाटला तर कुणीही, अगदी मीही, गोळी देऊ केली तर आधी विचारायचं: पाणी काढलं का?

नौपाड्याची लेक (२० डिसेंबर, दुपारी १२:४५)

काल आई काठी घेऊन, मध्ये दोनदा बाकावर बसून, मासुंद्याला पोचली. कोपिनेश्वराच्या पायऱ्या नाही चढली, खालूनच हात जोडले. गुडघा नव्वदच्या थोडा वर वाकतो, पहिल्या ऑपरेशनइतका नाही वाकणार असं सांगितलंय. येताना मेथीची जुडी घेतली आणि भाव महाग म्हणून भाजीवाल्याशी भांडली.

मीनलमावशींची कमोडची खुर्ची मोकळी झालीय. मावशी म्हणतात पुढे द्या. एका पायाचा रबरी बूट नवीन घातलाय. कुणाला हवी?

कोलशेतची सून (२० डिसेंबर, दुपारी १२:५८)

मला. सासऱ्यांचा पहिला टप्पा जानेवारीत आहे. व्यनि केलाय.